चौथ्या भांड्यातली धूळ

जावयांनी चहाचा कप बाजूला सरकवला, त्यांच्या कंपनीने केलेला जाडजूड अहवाल टेबलावर उघडून ठेवला आणि एकशेबाराव्या पानावर बोट टेकवून म्हणाले, "बाबा, हे बघा. तुम्हाला विसरलो नाही आम्ही." पानावर एक तक्ता होता. तक्त्याच्या चौथ्या ओळीत अडतीस हा आकडा होता, आणि खाली बारीक अक्षरांत माझं नाव, माझा जुना हुद्दा आणि 'यांच्या दीर्घ निरीक्षणांवर आधारित' असे शब्द. भर रस्त्यात कुणीतरी मागून शाळेतल्या चिडवायच्या नावाने हाक मारावी आणि वळून बघावं की तसंच पुढे जावं ते कळू नये, तसं मला झालं. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अडतीसच होते. "छान छापलंय," मी म्हणालो. नऊ वर्षं मी या आकड्याला टाळत आलो होतो. आकडा ज्या कारखान्याचा, त्याची वर्तमानपत्रात बातमी आली तर पान उलटायचो, बस त्या बाजूने जाणार असेल तर दुसरी बस धरायचो. आणि तो माझ्याच जेवणाच्या टेबलावर, माझ्याच जावयांच्या बोटाखाली येऊन बसला होता. "कारखानेवाले दगड दळायची दुसरी गिरणी टाकतायत," जावई सांगत होते. "घरांची रांग आहे ना, त्या अंगाला. मधली भिंत तीन मीटर उंच करायची आणि भिंतीला लागूनच शेड. सगळं तुमच्या सिद्धांतावर उभं आहे, बाबा. भिंतीची सावली. येत्या गुरुवारी सुनावणी, ती झाली की परवानगी." आमची ही ओट्यापाशी कप विसळत होती. ती वळून न बघता म्हणाली, "यांच्या सिद्धांतावर शेड उभी करायची म्हणजे धाडसच म्हणायचं, जावईबापू. यांनी ठोकलेला खिळासुद्धा आठवडाभर टिकत नाही." जावई मनापासून हसले. चांगला माणूस आहे. मला मान देतो, आणि तो मान मी घेत बसतो, हेच माझं दुखणं.

मी आयुष्यभर धूळ मोजली. हवेत उडणारी नव्हे. ती मोजणारे वेगळे. त्यांची यंत्रं गुणगुणतात, त्यांवर हिरवे दिवे लागतात, मंत्री आले की फोटो त्यांच्याशेजारी काढतात. मी खाली बसलेली धूळ मोजायचो. जिथे बांधकाम चालू आहे, खाण आहे, कारखाना आहे, तिथे छातीइतक्या उंचीच्या लोखंडी खांबावर एक रुंद तोंडाचं प्लॅस्टिकचं भांडं ठेवायचं. आत थोडं पाणी, शेवाळ धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, म्हणजे पाणी जेमतेम निळसर होईल इतकं. आणि मग तीस दिवस काही करायचं नाही. हे काही न करणं हेच आमचं काम होतं. तिसाव्या दिवशी जायचं, पडलेली पानं आणि मेलेले किडे चिमट्याने काढायचे, पाणी गाळायचं, गाळणकागद भट्टीत वाळवायचा, गार करायचा आणि काचेच्या पेटीतल्या तराजूवर श्वास रोखून तोलायचा. दर चौरस मीटरला दर दिवशी किती मिलिग्रॅम, असा आकडा निघायचा. दोनशेच्या वर गेला की कारखान्याला पत्र. कचेरीत मला 'मिलिग्रॅम' म्हणायचे. 'मिलिग्रॅम आले का रे?' 'आले असतील, दिसले नाहीत.' मी त्यावर हसायचो, कारण न हसणं मला जमत नसे. मला माझ्या कशाचीच खात्री नसते. दाराला कुलूप लावलं की नाही हे मी तीनदा बघतो, पत्र पेटीत टाकलं की पेटीच्या तोंडात हात घालून बघतो. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही आपण चुकीच्या मांडवात तर नाही ना, असं वाटून गेलं होतं. फक्त तराजूचा काटा स्थिर झाला की मला स्थिर वाटायचं. तो आकडा माझा नसायचा, धुळीचा असायचा. त्यात माझी लाज, माझं तोतरं बोलणं, माझं वाचलेलं आणि न समजलेलं, यातलं काही मिसळलेलं नसायचं, असं मी समजत होतो.

त्या कारखान्याभोवती चार केंद्रं होती. पहिलं फाटकाशी, दुसरं रस्त्यावर, तिसरं टपाल कचेरीच्या गच्चीवर, आणि चौथं घरांच्या रांगेत, शेवटच्या घराच्या अंगणात. तिथून कारखान्याची भिंत चाळीस पावलांवर. त्या घरात एक शिलाईकाम करणाऱ्या बाई राहायच्या. दवाखान्यांचे, प्रयोगशाळांचे पांढरे कोट शिवायच्या. दारात मशीन, मशीनवर चादर, शिवून झालेले कोट लगेच कागदात गुंडाळून दोरीने बांधलेले. पहिल्या केंद्राचा आकडा यायचा दोनशे साठ, दुसऱ्याचा दोनशेच्या आसपास, तिसऱ्याचा दीडशे. आणि चौथ्याचा, भिंतीच्या इतकं जवळ असूनही, तीस, पस्तीस, चाळीस. दर महिन्याला. पहिल्या वर्षी मी भांडं बदलून पाहिलं. दुसऱ्या वर्षी तराजू तपासून घेतला. तिसऱ्या वर्षी मी ग्रंथालयात जाऊन बसलो. माझ्यासारख्या माणसाला काही कळेनासं झालं की तो खिडकीबाहेर बघत नाही, पुस्तक उघडतो. वारा उंच भिंतीवर आदळला की वर चढतो आणि पलीकडे लांबवर जाऊन उतरतो, भिंतीच्या पायाशी शांत पट्टा राहतो, असं एका जुन्या ग्रंथात होतं. मी आकृत्या काढल्या, बाण काढले. कचेरीच्या मार्गदर्शिकेत साडेतीन पानांचं प्रकरण लिहिलं आणि त्याला 'भिंतीची सावली' असं नाव दिलं. नाव देताना मला फार बरं वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला काहीतरी विचारायला येऊ लागले. बाहेरगावची माणसं पत्रं पाठवायची. साहेबांनी एका बैठकीत माझ्याकडे हात करून म्हटलं, "हे आमचे सावलीवाले." मिलिग्रॅमपेक्षा ते बरं होतं. एक गोष्ट मात्र सलत असे. चौथ्या भांड्यातलं पाणी कधीच निळं नसायचं. मी मोरचूद घालायचो, महिन्याने बघावं तर पाणी काचेसारखं. उन्हाने रंग उडत असेल, असं मी टिपेत लिहिलं. तेच ऊन टपाल कचेरीच्या गच्चीवर दुप्पट पडत होतं हे मला सुचलं नाही. सुचलं असेलही. सुचलेलं सगळंच आपण ऐकतो असं नाही.

निवृत्तीला सात महिने राहिले होते. दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून मी एक दिवस आधीच भांडी गोळा करायला निघालो. वर्षानुवर्षं मी महिन्याच्या त्याच तारखेला, त्याच वेळी गेलो होतो. लोक माझ्यावरून कॅलेंडर बघत. त्या दुपारी शेवटच्या घराचं फाटक ढकललं तर खांब मोकळा होता. शिलाईवाल्या बाई नळापाशी उकिडव्या बसलेल्या, आमचं भांडं उपडं घातलेलं, आणि त्या घासणीने त्याचं बूड घासत होत्या. गळ्याशी, तळाशी, कडेला, अगदी मन लावून. बाजूला ओतलेलं पाणी. ते पाणी निळं नव्हतं, करडं होतं, दाट, पातळ केलेल्या सिमेंटसारखं, आणि ते मोरीच्या जाळीतून हळूहळू खाली जात होतं. बाईंनी वर बघितलं. चोरी पकडल्यासारखा नव्हे, पसाऱ्यात पाहुणा आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "साहेब, तुम्ही उद्या येणार होतात ना," त्या म्हणाल्या, पदराला हात पुसत उठल्या आणि मला पाणी आणायला आत गेल्या. मी पाणी प्यायलो. बोलण्यासारखं एकच वाक्य होतं, साधं, सहा-सात शब्दांचं, आणि ते मी बोललो नाही. बोललो असतो तर त्यांना लाज वाटली असती, असं मी मला सांगितलं. खरं म्हणजे साडेतीन पानं डोळ्यांसमोर होती. मार्गदर्शिकेची नवी आवृत्ती नुकतीच छापून आली होती, तिला अजून शाईचा वास होता. त्यांनी भांडं कोरडं पुसून खांबावर ठेवलं, अगदी पूर्वीच्या खुणेवर. मी आपलं त्यात नवीन पाणी घातलं, मोरचूद घातलं, कचेरीत आलो आणि नोंदवहीत चौथ्या केंद्रापुढे चाळीस लिहिले. न तोलता. तीस लिहावेत की चाळीस, असा विचारही केला. तो पहिला आकडा, जो धुळीचा नव्हता, माझा होता. पुढचे सहा महिने मी ठरल्या तारखेला गेलो, बाईंनी आदल्या दिवशी घासलेलं भांडं उचललं, त्यात जे काही होतं ते इमानदारीने तोललं, आणि निरोप समारंभात तीच मार्गदर्शिका फीत बांधून मला भेट मिळाली.

जावई अहवाल ठेवून गेले. मी दुपारभर तो समोर घेऊन बसलो. ही समोरच्या खुर्चीवर येऊन बसली, फडक्याने टेबलाची आधीच पुसलेली कड पुसू लागली. मी तिला सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांत तिला सांगितलं नाही असं माझ्याकडे एवढंच होतं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "हे मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं." मी विचारलं, तेव्हाच म्हणजे कधी? "अहो, तुम्ही एकदा जेवताना सांगत होतात, चौथ्याचं पाणी निळं राहत नाही म्हणून. मी विचारलं होतं, त्या घरात बाई आहे का कुणी? म्हटलं, घासत असेल. तुम्ही हसलात. म्हणालात, अगं, हे शास्त्र आहे." मला ते जेवण आठवलं. माझं हसणंही आठवलं, ते जास्त वाईट होतं. घरात धूळ बसते आणि बाया ती पुसतात, ही गोष्ट माझ्या चार केंद्रांच्या, बाणांच्या, आकृत्यांच्या दुनियेत कुठेच नव्हती. मी रोज पुसलेल्या टेबलावर बसून धुळीबद्दल लिहीत होतो. "मग आता?" तिने विचारलं. मी म्हणालो, गुरुवारी जाऊन सांगतो. "नऊ वर्षांनी?" "हो." "जावई तिथे उभे असणार. त्यांच्याच कंपनीचा अहवाल." "हो." "लोक तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही थुंकतील. मेला म्हातारा सगळंच मनचं लिहीत होता म्हणतील." "म्हणतील." तिने फडक्याची घडी घातली. "तुम्हाला नीट विचारता तरी येईल का, कुठे उभं राहायचं ते? परवा केमिस्टकडे गोळी बदलून मागता आली नाही तुम्हाला." हे खरं होतं. मी चुकीची गोळी चार दिवस घेतली होती. पण मला त्या दुपारी एक विचित्र गोष्ट जाणवत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला कशाची तरी पक्की खात्री होती, आणि ती म्हणजे मी चुकलो होतो याची. त्या खात्रीवर पाय देऊन उभं राहता येत होतं. मी उठून पाहिलंसुद्धा.

मंगळवारी मी त्या रांगेत गेलो. बस धरली ती तीच, टाळायची असलेली. रांगेतली झाडं लांबून राखाडी दिसतात, जवळ गेल्यावरही राखाडीच राहतात. शेवटच्या घरी मशीन आता दारातून आत सरकलं होतं. बाई वाकल्या होत्या, पण मला पाहताच त्यांनी ओळखलं. "साहेब? केवढे वाळलात. भांडं नेलं हो तुमच्या लोकांनी, मागेच. खांब ठेवला. मी दोरी बांधते त्याला." मी खुर्चीच्या टोकावर बसलो. बसमध्ये वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी गेली. मी एवढंच विचारलं, "तुम्ही ते भांडं दर महिन्याला धुवायचात?" "धुवायची की. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी. धुऊन नळाचं पाणी भरून ठेवायची. मग काय तसलंच दाखवू? मोठ्या कचेरीतून माणूस येणार, दारात बघणार काय, तर चिखल. म्हणेल, हिला साधं भांडं घासता येत नाही आणि ही डॉक्टरांचे कोट शिवते." "मी सांगितलं होतं, त्याला हात लावू नका." "हलवू नका म्हणालात. मी जिथल्या तिथे ठेवायची. इंचभर इकडेतिकडे नाही. विचारा." कुणाला विचारू ते मला कळलं नाही. मी म्हणालो, "बाई, ते घाण व्हावं म्हणूनच ठेवलेलं होतं. त्यात महिन्याभरात किती धूळ पडते ते आम्ही तोलत होतो." त्या बोटाला दोरा गुंडाळत, सोडत राहिल्या. मग मी उरलेलं सांगितलं. माझ्या कागदांवर त्यांचं अंगण चारही जागांत सगळ्यात स्वच्छ आहे, म्हणून नवी गिरणी याच बाजूला, भिंतीला लागून येणार आहे. बाईंचा हात थांबला. "सगळ्यात स्वच्छ? माझं अंगण?" "हो." "असं तुम्ही लिहिलंत?" "हो." "साहेब, तुम्ही दर महिन्याला इथे उभे राहायचात. त्या खांबापाशी. तुमच्या बुटांवर दिसत नव्हती?" त्यांनी हे ओरडून विचारलं असतं तर मी खाली मान घालून निघून आलो असतो. त्यांनी खरोखर माहिती विचारावी तसं विचारलं होतं, उत्तर हवं म्हणून. मी म्हणालो, "मी भांड्यात बघत होतो." त्यांनी माझ्या आताच्या बुटांकडे बघितलं. मी म्हणालो, सुनावणीत सांगताना तुमचा उल्लेख करणार नाही, भांडं कुणीतरी धूत होतं एवढंच सांगीन. तेव्हा मात्र त्या चिडल्या. "का नाही करणार? मी काय चोरी केली? माझ्या दारातली घाण मी काढली. सांगा, हिने धुतलं म्हणून. मी येते, उभी राहते. तुम्ही तुमचं सांगा, तुम्ही काय केलंत ते."

बुधवारी सकाळी मुलीचा फोन आला. आईने सांगितलं असणार. "बाबा, तुम्ही खरंच जाणार आहात?" "हो." "एक पत्र लिहा ना. साधं. वयामुळे आठवत नाही, त्या आकड्यांची खात्री देता येत नाही, असं. सगळे समजून घेतील." माझी मुलगी मला ओळखते. हे माझ्या अंगाला अगदी बेतून शिवलेलं होतं. खात्री देता येत नाही, हे वाक्य मी जन्मभर वापरलं आहे, कुणी रस्ता विचारला तरी. "मला आठवतंय, बाळा," मी म्हणालो. "चांगलं आठवतंय. तीच पंचाईत आहे." ती मग म्हणाली, "त्यांनी तुमचं नाव कौतुकाने टाकलं होतं हो." "माहीत आहे मला." फोन ठेवल्यावर मी कागद घेतला आणि एक हिशेब केला, जो मी नऊ वर्षं जाणूनबुजून केला नव्हता. बाई आदल्या दिवशी भांडं धुवायच्या. म्हणजे मी तोलायचो ती तीस दिवसांची नव्हेच, एका दिवसाची धूळ. तिला मी तिसाने भागत होतो. अडतीस गुणिले तीस. अकराशे चाळीस. मी पेन्सिल खाली ठेवली. मर्यादा दोनशेची. अकराशे चाळीस. हा आकडा किती सुरेख होता. तो उद्या उठून म्हटला की गिरणी गेली, रांग वाचली, आणि मी, मिलिग्रॅम, सावलीवाला, शेवटी खरं शोधून काढणारा. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग दिवसभर त्या खिशाला हात लावत राहिलो आणि संध्याकाळपर्यंत मला कळलं की हे तेच बरं वाटणं आहे. नाव देताना वाटलं होतं ते. बाई दर महिन्याला धुवायच्याच का? एखाद्या महिन्यात आजारी असतील, एखाद्या महिन्यात दोन दिवस आधी धुतलं असेल. कडेला थोडं राहिलं असेल. मला ठाऊक नव्हतं. मी पुन्हा एकदा मला न ठाऊक असलेल्या गोष्टीवर बाण काढत होतो, फक्त या वेळी बाण दुसऱ्या दिशेने होते.

सुनावणीची जागा म्हणजे एक लांबट सभागृह होतं, पंखे वर, खुर्च्या एकमेकींना साखळीने जोडलेल्या. मंचावर अधिकारीबाई, शेजारी संगणकावर लेखनिक. जावई पडद्यापाशी हातात छडी घेऊन उभे होते, आणि पडद्यावर माझी आकृती होती, माझे बाण, आता रंगीत. त्यांनी मला पाहिलं आणि हसून मान डोलावली. त्यांना वाटलं मी कौतुक ऐकायला आलो. मुलीने त्यांना सांगितलं नव्हतं. तिलाही वाटलं असणार की ऐन वेळी मी काही बोलणार नाही. बोलायला नावं दिलेल्यांना बोलावू लागले तेव्हा मी उठलो. गुडघे साखळीच्या खुर्च्यांमध्ये अडकले, सगळी रांग खडखडली. ध्वनिक्षेपक माझ्यापेक्षा उंच माणसासाठी होता, तो कसा खाली करतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी टाचा उंचावून बोललो. मी म्हणालो, तक्त्यातला चौथा आकडा माझा आहे आणि तो खोटा आहे. भांडं दर महिन्याला धुतलं जात होतं. हे मला निवृत्तीआधी सात महिने कळलं होतं आणि मी सांगितलं नाही. एका महिन्याचा आकडा मी मनाने लिहिला. भिंतीला सावली आहे की नाही हे मला माहीत नाही. ते प्रकरण मी एका धुतलेल्या भांड्यावरून लिहिलं आहे. आवाज फुटत होता, पण वाक्यं येत होती, एकामागून एक, जणू रांग लावूनच उभी होती. जावयांची छडी पडद्यावर तशीच टेकलेली राहिली. मागून शिलाईवाल्या बाई उभ्या राहिल्या आणि कुणी न विचारता म्हणाल्या, "मी धुवायची. माझंच अंगण ते." कुणीतरी हसलं. बाईंनी तिकडे बघितलं, आणि तो माणूस खुर्चीत नीट सावरून बसला.

अधिकारीबाई शांत होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आजोबा, तुम्ही नोंद दुरुस्त करून मागताय, बरोबर? जुना आकडा अडतीस. मग नवीन काय लिहायचं?" सभागृहात रांगेतली माणसं बरीच होती. त्यांच्यातला एक म्हणाला, "हजाराच्या वर असणार, सांगा की, आजोबा." दुसरा म्हणाला, "सांगा, घाबरू नका." खिशातला कागद मला कापडातून जाणवत होता. ती माझी बाजू घेणारी माणसं होती. इतकी माणसं माझ्या बाजूने कधीच नव्हती. मी म्हणालो, "माहीत नाही." "अंदाजे?" "माहीत नाही." मागून कुणीतरी "जाऊ दे, म्हाताऱ्याला काही आठवत नाही" म्हणालं. मी तिकडे वळून म्हणालो, "मला सगळं आठवतं. माहीत नाही ही वेगळी गोष्ट आहे." जावई आता माझ्याजवळ आले होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. खालच्या आवाजात ते म्हणाले, "बाबा, काहीतरी म्हणा. साठ म्हणा, सत्तर म्हणा. वाढवून म्हणा हवं तर. मी तेवढं सांभाळून घेईन. पण कोरं ठेवू नका, सगळा अहवाल कोसळतो हो." मला त्यांचं वाईट वाटलं, अगदी मनापासून. मी त्यांच्या दंडाला हात लावला. पूर्वी कधी लावला नव्हता. "तुम्ही माझं नाव विश्वासाने टाकलंत," मी म्हणालो. "ते काढून टाका. तुमची चूक नाही, असं मी लिहून देतो. पण आकडा देणार नाही." "घरी काय सांगू मी?" "सांगा, सासऱ्यांनी ऐकलं नाही."

लेखनिक मघापासून एकच कळ दाबत होता. तो अधिकारीबाईंकडे वळून म्हणाला, "मॅडम, दुरुस्तीच्या पानावर नवीन आकडा लागतोच. त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. शून्य टाकू का?" "शून्य नाही," मी म्हणालो. मला वाटतं मी ओरडलो नाही, पण ध्वनिक्षेपक चालू होता. "शून्य हाही आकडाच आहे. माहीत नाही असं लिहा." "अक्षरं घेत नाही ते, आजोबा. पुढे जात नाही." "मग नका जाऊ पुढे." अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या समजावून सांगायच्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या लक्षात येतंय का? तुम्ही आकडा दिला नाहीत तर ही फाइल इथेच अडकेल. त्या जागेची नोंदच राहणार नाही. परवानगी देता येणार नाही, नाकारताही येणार नाही. पुन्हा भांडं ठेवून वर्षभर मोजावं लागेल." "मोजा," मी म्हणालो. "एवढ्या सगळ्यांचा वेळ चाललाय." "माझाही चाललाय," मी म्हणालो, "आणि माझ्याकडे तो यांच्यापेक्षा कमी आहे." हे मी बोललो यावर माझाच विश्वास बसला नाही. पण तेवढ्यात मागे हटण्याची वेळ निघून गेली होती. मंचाच्या पायरीशी एक लाकडी खुर्ची होती, साखळी नसलेली. मी ती लेखनिकाच्या टेबलासमोर ओढली आणि बसलो, जिथून मला त्याचा पडदा दिसेल. पडद्यावर एक रिकामा चौकोन होता आणि त्यात एक बारीक उभी रेघ लुकलुकत होती. मागून दुसरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. शिलाईवाल्या बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि त्या चौकोनाकडे बघत विचारलं, "हेच का ते?"

"हेच," मी म्हणालो. "लक्ष ठेवा. कुणी काही भरू नये."